दुनळीच्या पोटातली अक्षरं

निवडणूक जाहीर झाली की गावोगावच्या परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्याच्या वाटेला लागतात. कुणी जुन्या चादरीत गुंडाळून, कुणी गोणपाटाच्या खोळीत घालून, मोटरसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर आडवी ठेवून नेतो. ठाण्यात पावती फाडली जाते: '१२ बोअर डीबीबीएल, नग एक.' डीबीबीएल म्हणजे डबल बॅरल ब्रीच लोडिंग, आपल्या भाषेत दुनळी. आणि ती कुठल्या बनावटीची, असं विचारलं की जुन्या दुनळीच्या बाबतीत उत्तर ठरलेलं असतं, 'इंग्लिश मेड'.

सरकारचं एवढ्यावर भागतं. पण 'इंग्लिश' म्हणजे नेमकी कोणाची? इंग्लंडातल्या कोणत्या गावची, कोणत्या वर्षाची, कोणाच्या हातची? गंमत म्हणजे याचं बरंचसं उत्तर त्या बंदुकीच्याच अंगावर लिहिलेलं असतं. फक्त ते दिसेल अशा जागी नसतं. आणि जे नाव दिसेल अशा जागी असतं, ते सहसा बनवणाऱ्याचं नसतं.

हे कोडं सोडवायला एक बंदूक समोर घेऊ. ती कल्पनेतली आहे, पण तिच्यावरची प्रत्येक खूण त्या काळच्या बंदुकांवर खरोखर सापडणारी आहे. जागा घेऊ गंगाखेड तालुक्यातल्या राणीसावरगावची. बालाघाटच्या डोंगररांगेला टेकलेला हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. एका जुन्या वाड्यातली ओसरी, बाजेवर अंथरलेली सतरंजी, सतरंजीवर दुनळी. शेजारी तिचे परवानाधारक मालक, त्यांना आबा म्हणू.

दोन नळ्या शेजारी शेजारी, लांबी तीस इंच. मागे दोन घोडे, मान उंचावून बसलेल्या पाखरांसारखे. खाली दोन चाप. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, मनगटाएवढ्या बारीक जागी चिरलेला आणि तांब्याच्या तारेने घट्ट आवळलेला. वजन तीन किलोंच्या आसपास. आबा दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर बोट ठेवतात. तिथे रोमन लिपीत सुबक कोरलंय: मँटन अँड को., कलकत्ता.

'हे बगा, नाव हाय की वर. मँटन साहेब. इलायतेचा लई नामी कारागीर व्हता म्हनं.'

आबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. जोसेफ मँटन खरोखरच नामी कारागीर होता. १८००च्या आसपासच्या लंडनमध्ये त्याच्या तोडीच्या शिकारी बंदुका कुणी करत नव्हतं. दोन नळ्यांच्या मध्ये उंच पट्टी बसवून नेम सोपा करण्याची युक्ती त्याचीच, १८०६ ची. पुढे जगभर गाजलेल्या जेम्स पर्डीने सुरुवातीच्या काळात काम केलं ते मँटनच्याच कारखान्यात. पण नावाइतका पैसा काही टिकला नाही. १८२६ मध्ये मँटनचं दिवाळं वाजलं, आणि ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची त्याची ३१४½ नंबरची जागा घेतली ती त्याच्याच हाताखाली काम केलेल्या पर्डीने. घरनंबरातला अर्धा वाचून पुण्यातल्या पेठा आठवल्या तर नवल नाही. १८३५ मध्ये मँटन वारला.

आणि इथेच आबांची बंदूक मँटनच्या हातची असू शकत नाही हे ठरतं. मँटनच्या हयातीतली बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि सगळं गजाने ठासायचं. तरुणपणी त्याने चकमकीच्या बंदुका केल्या. चकमकीत अडचण अशी, की ठिणगी पडून बाहेरची दारू आधी भपकन पेटायची आणि तो भपका बघून पाणपक्षी उडून जायचे. स्कॉटलंडमधल्या अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या शिकारवेड्या पाद्र्याला याचा इतका वैताग आला की त्याने ठोका बसताच पेटणाऱ्या मसाल्याचं कुलूप, म्हणजे बार उडवणारी यंत्रणा, बनवलं आणि १८०७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे टोपीची बंदूक आली. मागून उघडणारी, काडतुसाची बंदूक ही आणखी पुढची गोष्ट. तिची कल्पना फ्रान्सची. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रजांनी नीट बघितली आणि तिथून पुढे स्वीकारली. आबांची दुनळी मागून उघडते, म्हणजे मँटन वारल्यानंतर निदान सोळा-सतरा वर्षं तरी तिचा जन्म होणं शक्य नव्हतं.

मग पट्टीवरचं नाव? मँटन घराण्यातल्याच एकाने १८२५च्या सुमारास कलकत्त्यात दुकान थाटलं होतं, आणि ते पुढे कित्येक दशकं चाललं. पट्टीवर आहे ते त्या दुकानाचं नाव. कलकत्त्यातच आर. बी. रोडा, लायन अँड लायन अशी मोठी दुकानं होती, मद्रासला पी. ऑर अँड सन्स, ते तर मुळात घड्याळवाले. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा उघडली. काळा घोड्याजवळची तिची दगडी इमारत आजही त्याच नावाने ओळखली जाते. साहेब लोक, संस्थानिक, जहागीरदार यांचं गिऱ्हाईक या दुकानांकडे. बंदुका बनून यायच्या इंग्लंडातून, बहुतेक बर्मिंगहॅमहून, आणि पट्टीवर नाव कोरलेलं असायचं दुकानाचं. पैठणीच्या खोक्यावर पेढीचं नाव सोनेरी अक्षरांत असतं आणि येवल्याच्या ज्या मागावर ती विणली गेली त्या विणकराचं नाव खोक्यावरही नसतं आणि पदरावरही नसतं, तसंच हे.

बंदुकीच्या बाबतीत मात्र पदर उलटून बघायची सोय आहे.

आधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करायची, आणि हे काम परवानाधारकानेच करायचं. नळ्यांखालचा लाकडी तुकडा काढायचा. वरची कळ अंगठ्याने बाजूला सारली की नळ्या झुकतात आणि हुकातून निघून हातात येतात. आता त्या उलट्या करा. मागच्या टोकाशी खालून सपाट केलेली दोन बोटं रुंदीची जागा आहे. बंदूक जोडलेली असते तेव्हा ही जागा पूर्ण झाकलेली असते. म्हणजे आबांनी, आबांच्या वडिलांनी वर्षानुवर्षं हाताळूनही ती क्वचितच बघितली असेल. तेलाचा काळा थर कापडाने हलकेच पुसला की अक्षरं वर येतात.

पहिली खूण: एकमेकांवर फुलीसारखे टेकवलेले दोन राजदंड, वर मुकुट, आणि फुलीच्या कोनांत बी, पी, सी ही अक्षरं. तिच्या शेजारी तशीच दुसरी, पण तिच्यात फक्त व्ही. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे शिक्के. मुकुटाखाली एकमेकांत गुंफलेली जी आणि पी अशी अक्षरं असती तर शिक्का लंडनचा ठरला असता.

प्रूफ हाउस म्हणजे बंदुकांचं परीक्षागृह. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला सनद मिळाली १६३७ मध्ये, शिवाजी महाराज सात वर्षांचे होते तेव्हा. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ चं, आणि ते आजही चालू आहे. परीक्षा सोपी आणि निष्ठुर. नळीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त दारू भरायची, माणसांनी आडोशाला जायचं आणि लांबून बार काढायचा. नळी फाटली, फुगली, तडकली तर भंगारात. टिकली तर तपासून शिक्का. शिक्क्याशिवाय बंदूक विकणं इंग्लंडात गुन्हा. म्हणजे जत्रेत विकायला ठेवलेला प्रत्येक बैल आधी दुप्पट भरलेल्या गाडीला जुंपून बघावा, तशातलीच ही कसोटी. आपल्या दुनळीच्या दोन्ही नळ्यांनी हा बार एकदा सोसलेला आहे.

दुसरी खूण: '१२ बी', आणि तिच्याजवळ '१४ एम'. इथे जरा थांबायला हवं, कारण बारा बोअर हा शब्द आपण सगळे वापरतो आणि बारा काय हे क्वचितच विचारतो. बारा इंच नव्हे, बारा मिलिमीटरही नव्हे. एक पौंड शिसं घ्या, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅम. त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची. अशा गोळीचा व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. पौंडाच्या सोळा गोळ्या केल्या तर गोळी लहान, नळी अरुंद. म्हणून सोळा बोअर ही बारा बोअरपेक्षा बारीक. आकडा वाढला की नळी घटते. परभणीसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा उलटा हिशेब कुणाला अवघड वाटू नये. सुताचा नंबर असाच ठरतो: ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात तो नंबर, म्हणून साठ नंबरी सूत वीस नंबरीपेक्षा तलम. इंग्रजांनी एकाच पौंडाने सूतही मोजलं आणि तोफाबंदुकाही.

आता १२ आणि १४ एकाच नळीवर का? तर नळी मागे बारा बोअरची आहे आणि तोंडाशी आवळून चौदा बोअरची केली आहे. फरक एका मिलिमीटरच्याही आतला. पण बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की फवारा जसा लांब आणि एकवट जातो, तसे छर्रे एकवटतात. इंग्रजीत याला चोक म्हणतात. पूर्ण चोकच्या नळीतून चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात साधारण सत्तर टक्के छर्रे पडतात. ही युक्ती इंग्लंडात गाजली ती १८७४-७५ च्या सुमारास, बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनरमुळे. गाजली आणि लगेच एक धोका पुढे आला. अशा आवळलेल्या तोंडातून कुणी छर्‍यांऐवजी अखंड गोळी झाडली तर नळी फाटायची. म्हणून परीक्षागृहाने तिसरी खूण ठोकायला सुरुवात केली. आबांच्या नळीवर ती आहे: 'नॉट फॉर बॉल', गोळीसाठी नाही.

आणि हीच खूण आपल्याला सालापाशी नेऊन सोडते. हे शब्द परीक्षागृह वापरत होतं ते फक्त १८७५ ते १८८७ या काळात. १८८७च्या नियमांनी ते गेले, त्यांच्या जागी नुसतं 'चोक' आलं आणि काडतुसाच्या खोबणीचं माप चौकोनी कंगोऱ्यात ठोकलं जाऊ लागलं. नवी बिनधुराची दारू आल्यावर 'नायट्रो प्रूफ' आलं, १९०४ मध्ये बर्मिंगहॅमचे शिक्केच बदलले, १९२५ नंतर काडतुसाची लांबी आली. नाण्यावरून राजा ओळखावा तसं शिक्क्यावरून दशक ओळखता येतं. आबांची दुनळी बर्मिंगहॅममध्ये तपासली गेली, १८७५ ते १८८७च्या दरम्यान. मँटन अँड कंपनीचं दुकान कलकत्त्यात. बंदुकीचं माहेर मात्र बर्मिंगहॅम.

पोटावरचे शिक्के कधीकधी याहून मोठा गौप्यस्फोट करतात. मराठीत बनावट या शब्दाचे दोन अर्थ आहेत, घडण आणि नकली. जुन्या बंदुकांच्या व्यवहारात दोन्ही अर्थ एकाच वस्तूत नांदतात. पट्टीवर 'पर्डी' किंवा 'ग्रीनर' अशा मोठ्या नावाच्या स्पेलिंगमधलं एखादं अक्षर गाळलेलं, वर 'लंडन' ठसठशीत, आणि नळी उलटवली की लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरं. हा बेल्जियममधल्या लिएज शहराचा शिक्का. स्वस्त बेल्जियन बंदुका इंग्रजी नावं लावून जगभर विकल्या गेल्या. पट्टीवर काय कोरायचं हे दुकानदाराच्या मर्जीवर होतं. पोटावर काय ठोकायचं हे परीक्षागृहाच्या. म्हणून जाणकार माणूस वरचं नाव वाचतो आणि विश्वास मात्र खालच्या शिक्क्यांवर ठेवतो.

इथवर गाव मिळालं, काळ मिळाला. हात अजून मिळाले नाहीत. त्यासाठी नळी उन्हात धरू.

वाड्याच्या चौकातल्या तिरप्या उन्हात नळीवर एक नक्षी उमटते. तपकिरी आणि करड्या रंगाच्या बारीक गुंडाळ्या, एकापुढे एक, मागच्या टोकापासून तोंडापर्यंत. आबा म्हणतात, 'गंज हाय का वो?' गंज नव्हे. ती या नळीची जन्मखूण आहे. पोलादाचा गज घेऊन त्याला भोक पाडून ही नळी केलेली नाही. ती विणलेली आहे. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकाआड एक रचायच्या, तापवून एकजीव करायच्या, ओढून कांब करायची. ती लालबुंद कांब दोरीसारखी पिळायची. अशा दोन-तीन पिळलेल्या कांबा शेजारी ठेवून पुन्हा जोडायच्या, त्यांची फीत करायची, आणि ती फीत एका सळईभोवती मळसूत्रासारखी गुंडाळत, ठोकत, कडा एकमेकींत जोडत नळी उभी करायची. मग आतून कातायची, बाहेरून घासायची. शेवटी मुद्दाम गंजवायची. गंज लोखंडावर वेगळा चढतो, पोलादावर वेगळा, आणि आत गाडलेला पीळ न् पीळ वर दिसू लागतो. याला दमास्कस नळी म्हणतात.

त्याही आधीच्या पिढीतल्या नळ्यांचा कच्चा माल ऐकला तर हसू येईल: घोड्याच्या नालांचे झिजलेले खिळे. रस्त्यावर वर्षानुवर्षं आपटून, ठोकून चिवट झालेलं ते लोखंड इंग्लंडातले बंदूककार गोळा करून, धुऊन, तापवून जोडायचे. घोड्यांच्या टापांखाली गेलेलं भंगार साहेबाच्या खांद्याला लागलेल्या नळीत जायचं.

पण दमास्कस हे नाव सीरियातल्या शहराचं आणि कीर्ती तिथल्या तलवारींची. त्या तलवारींचं पोलाद कुठलं? गंगाखेडला जनाबाईच्या गावावरून जाणारी गोदावरी पुढे नांदेड ओलांडून निजामाबादच्या मुलखात शिरते. त्या जिल्ह्यात कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथले लोहार बंद मुशीत लोखंड वितळवून पोलादाच्या गोल वड्या काढायचे, आणि त्या घ्यायला इराणातले व्यापारी येऊन राहायचे. हेन्री व्हॉयसी या इंग्रज भूशास्त्रज्ञाने तिथली रीत टिपून ठेवली, ती १८३२ मध्ये छापून आली. या पोलादाला इंग्रज वुट्झ म्हणत. कन्नडमधल्या उक्कू या शब्दाचा हा अपभ्रंश मानतात. त्याचं कोडं उलगडायला १८१९ मध्ये लंडनमध्ये एक तरुण बसला होता, मायकल फॅरडे. विजेचा फॅरडे. तो लोहाराचा मुलगा.

एक भेद मात्र ध्यानात ठेवायचा. कोनसमुद्रमच्या पोलादातली लहर आतल्या आत, वितळून थिजताना उमटते. बंदुकीच्या नळीवरची लहर लोहाराने पिळून घातलेली असते. इंग्रजांना पौर्वात्य शस्त्रांवरच्या त्या पाण्याची भूल पडली आणि आपल्या नळीवर त्यांनी त्याच नावाची, दुसऱ्या रीतीची नक्षी आणली. राणीसावरगाव आणि कोनसमुद्रम दोन्ही तेव्हा एकाच निजामाच्या राज्यात. ज्या मुलखाच्या पोलादाची कीर्ती दमास्कसच्या नावावर जमा झाली, त्याच मुलखात ते नाव सांगणारी नळी बर्मिंगहॅमहून विकत आली.

आता नळीवर, त्या शिक्क्यांजवळच एक जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा ठसा आहे: दोन अक्षरं, कुणाची तरी आद्याक्षरं. घोड्यांमागच्या पोलादी पट्टीचे स्क्रू काढून ती उचलली की आतल्या बाजूला आणखी दोन अक्षरं, वेगळी. बाहेर एकही नाही. ही अक्षरं वाचायची तर बर्मिंगहॅमचा गन क्वार्टर समजून घ्यावा लागतो.

स्टीलहाउस लेन, लव्हडे स्ट्रीट, प्राइस स्ट्रीट, व्हिटॉल स्ट्रीट. सेंट मेरीज चर्चच्या भोवतीच्या या गल्ल्यांत एकोणिसाव्या शतकात बंदूक बनायची, पण एका छपराखाली नव्हे. नळी जोडणारा एक, आतून कातणारा दुसरा, दोन नळ्या जुळवणारा तिसरा. कुलुपाचे भाग ठोकणारा वेगळा आणि ते कानशीने बसवणारा वेगळा. दस्तेवाला, स्क्रूवाला, कोरीव कामवाला, नळीला रंग चढवणारा. अर्धवट बंदूक टोपलीत घालून पोरं एका गल्लीतून दुसरीत धावायची. बारा बलुतेदारांचं गाव कसं चालतं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हे नवं नाही. फरक इतकाच, की इथे सगळ्या बलुतेदारांनी मिळून एकच वस्तू करायची. आणि हिशेब चुकू नये, कोणाच्या कामाचे पैसे कोणाला द्यायचे हे कळावं, म्हणून प्रत्येकाने आपल्या तुकड्यावर, झाकल्या जाणाऱ्या जागी, आद्याक्षरं ठोकायची.

उत्तम कुलपांसाठी तर बर्मिंगहॅमवालेच काय, लंडनवालेही वुल्व्हरहॅम्प्टनच्या जोसेफ ब्रेझियरकडे जायचे. राजेरजवाड्यांच्या बंदुकांच्या पट्टीवर लंडनचं नाव आणि कुलपाच्या आतल्या अंगावर ब्रेझियरचा ठसा, हे अनेकदा दिसतं. पुढे पिळाच्या नळ्या मागे पडून एकसंध पोलादाच्या आल्या, तेव्हा जोसेफ व्हिटवर्थच्या कारखान्यातल्या नळ्यांवर खालून गव्हाची पेंढी कोरलेली असायची. व्हिटवर्थ म्हणजे ज्याच्या आट्यांचे नटबोल्ट आपल्याकडच्या फिटर मंडळींनी पिढ्यान् पिढ्या फिरवले तोच.

घडणीची युक्तीसुद्धा सही असते. १८७५ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स कारखान्यातल्या अँसन आणि डीली या दोघांनी बिनघोड्याच्या बंदुकीचं पेटंट घेतलं. नळ्या झुकवल्या की आतले ठोके आपोआप ताणले जातात. आजही जगातल्या असंख्य दुनळ्या याच तत्त्वावर चालतात. दुसऱ्या कारखानदारांनी ही युक्ती वापरली तर मोबदला द्यावा लागे, आणि पेटंटच्या कितव्या वापराची ही बंदूक तो आकडा तिच्यावर ठोकला जाई. तो आकडा सापडला की वर्षाचा अंदाज आणखी अरुंद होतो.

आणि शेवटी बंदुकीचा स्वतःचा नंबर. चापाखालच्या लोखंडी पट्टीवर, नळीवर, लाकडी तुकड्याच्या आत, तिन्हीकडे एकच असायला हवा. वेगळा निघाला तर दोन बंदुकांची मिळून एक केलेली आहे. पर्डीसारख्या कंपन्यांनी नंबरवार वह्या ठेवल्या: कोणासाठी, कधी, किती लांबीची, दस्ता किती वाकवलेला. शिंप्याच्या वहीत मापं असावीत तशी. मोठी गिऱ्हाइकं जोडी मागवायची, एक झाडताना नोकराने दुसरी भरायची; अशा बंदुकांवर सोन्याने १ किंवा २ भरलेलं असे. हातात २ आली तर १ कुठे आहे हा प्रश्न छळतच राहतो. नंबर किती दूरवर माग काढतो हे कलकत्त्याने बघितलं. २६ ऑगस्ट १९१४ रोजी बंगालच्या क्रांतिकारकांनी त्याच रोडा कंपनीच्या मालातून ५० माउझर पिस्तुलं आणि ४६,००० काडतुसं पळवली. पुढे ठिकठिकाणच्या धाडींत पिस्तूल सापडलं की पोलीस आधी नंबर बघायचे.

दुकानदारांसाठी बनलेल्या आबांच्या बंदुकीसारख्या बंदुकांना मात्र अशी वही सहसा लाभत नाही. तिथे उरतात फक्त ती ज्वारीएवढी अक्षरं.

याच्या तीनशे वर्षं आधीचं एक पान इथे आठवतं. आइन-ए-अकबरीत अबुल फजलने अकबराच्या शस्त्रागारातल्या बंदुकांची रीत लिहिली आहे. पत्रा तिरका गुंडाळून, घडीवर घडी जोडून नळी करायची, हे तिथे आहेच. पण त्याहून चकित करणारी गोष्ट पुढे आहे: प्रत्येक बंदुकीवर काय कोरायचं याची यादी. लोखंडाचं वजन, लोखंड कुठून आणलं ती जागा, कारागिराचं नाव, बंदूक कुठे बनली, कधी बनली, आणि नंबर. अकबराच्या बंदुकीवर लोहाराचं नाव उघड्यावर होतं. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर दुकानदाराचं नाव उघड्यावर आलं आणि लोहार पोटात गेला.

आबांना दोन गोष्टी सांगायला हव्यात. चिंच-राखेने देवघरातली पितळी समई उजळते, पण नळी कधी घासायची नाही, सँडपेपर तर मुळीच लावायचा नाही. एका दुपारच्या चकाकीपायी दीडशे वर्षांची अक्षरं जातात. आणि या पिळाच्या नळीत आजचं काडतूस भरायचं नाही. ती तपासली गेली काळ्या दारूसाठी. आताच्या दारूचा दाब वेगळा, आणि जोडाच्या सांध्यात गंज कुठवर उतरलाय हे बाहेरून कळत नाही. बंदूक जुनी म्हणून परवाना नको असंही नाही: १९५९च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्तीनंतरही चालूच शकणार नाही अशा पुराण्या शस्त्राला आहे. आबांची दुनळी अजून चालू शकते.

नळ्या पुन्हा हुकात बसवायच्या. लाकडी तुकडा 'टक्' आवाज करून जागेवर जातो. शिक्के, आद्याक्षरं, पीळ घालणाऱ्याचा ठसा, सगळं झाकलं जातं आणि वर उरतं मँटन अँड को., कलकत्ता.

आबा तिला पुन्हा खोळीत घालायच्या आधी अंगठा दस्त्याच्या चिरलेल्या जागेवर फिरवतात. अक्रोडाचं लाकूड थंड देशातलं. मराठवाड्यातल्या वैशाखात ते उललं. तांब्याची तार इतकी सलग आवळलेली आहे की नखाला फट लागत नाही, आणि तिचं टोक आत असं खुपसलंय की ते शोधून सापडत नाही. हे कोणाचं काम, म्हणून विचारलं तर आबा हसतात. 'आमच्या सुताराच्या आज्याचं आसंल. बलुत्यात केलं आसंल तवा.'

दीडशे वर्षांत या बंदुकीला ज्यांचे हात लागले त्यांच्या यादीतला शेवटचा माणूस राणीसावरगावचा निघाला. त्याने तर आद्याक्षरंसुद्धा ठोकली नाहीत.